महिना भरायला चार दिवस

गयामावशी,

उद्या तुमचा दहावा, आणि मला रजा मिळालेली नाही. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "नात्यातल्या होत्या का?" मी म्हटलं, नाही. "मग? पेशंटच ना?" हो, पेशंटच. वॉर्डात आधीच दोघीजणी कमी, उन्हाळ्याच्या जुलाब-उलट्यांनी खाटा भरलेल्या, त्यांचं तरी काय चुकलं? दुपारच्या गोळ्या वाटून झाल्यात. केसपेपरच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहायला बसलेय. कुणी हाक मारली की उठावं लागेल.

मला तुमच्याशी भांडायचंय, बाकी काही नाही. तुम्ही का आला नाहीत? पाय सुजले, दम लागला, दोन दिवसांत दोन किलो वजन चढलं की पहिल्या गाडीनं दवाखाना गाठायचा, हे अख्ख्या वाडीला शिकवणाऱ्या तुम्ही. पोरगा घरात, सून घरात, दारात मोटारसायकल उभी. आणि तुम्ही खाटेवर पाय खाली सोडून बसून राहिलात. का? नऊ दिवस डोक्यात हाच भुंगा आहे. खरं म्हणजे उत्तर मला तिसऱ्या दिवशीच मिळालंय, तुमच्या सुनेनं, शोभानं, दिलं. पण ते लिहायला हात धजत नाही. म्हणून आधी बाकीचं लिहिते.

पहिल्यांदा तुम्ही आलात ते जीपमधनं, बसल्या बसल्या. मी म्हटलं, मावशी आडव्या व्हा. तुम्ही म्हणालात, "आडवं झालं की जीव जातोय माय, मला बसूनच मरू द्या." मी खेकसले, "मरायला दुसरीकडं जा, इथं जागा नाही." बावीस वर्षं झाली मला या ट्रस्टच्या दवाखान्यात, तोंड असंच झालंय. तुम्ही तशा दमातही हसलात. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, पाणी ढकलत नाही, ते अंगात साठतंय. आठ दिवसांत ते पाणी उतरलं, आणि तुम्ही लुगडं जरा वर घेऊन पायांकडं बघत बसलात. "हे माझेच पाय हायेत व्हय? लई दिसांनी घोटा दिसला बया."

त्याच खेपेला मी माझ्या डब्यातली मेथीची भाजी तुमच्यापुढं केली होती. तुम्ही आधी माझं गाव विचारलं होतं, नेकनूर म्हटल्यावर आडनाव विचारलं होतं, आणि आडनाव ऐकून म्हणाला होतात, "आज उपास हाय." उपासबिपास काही नव्हता. तासाभरापूर्वी दवाखान्याची खिचडी तुम्ही माझ्यादेखत खाल्ली होती. मला नवीन नाही ते, आमच्या घरी हे उपास सगळ्यांना पाठ आहेत. मी डबा उचलला आणि इंजेक्शन जरा जोरातच दिलं, हे आता कबूल करते.

अठराव्या दिवशी तुम्ही परत हजर. पुन्हा तेच पाय, तोच दम. तेव्हा आमच्याकडं ती वही नुकती सुरू झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडं दिलेली. घरी सोडलेलं माणूस महिन्याच्या आत त्याच दुखण्यानं परत आलं, की त्यात त्याचं नाव लिहायचं, आणि का आलं ते लिहायचं. डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. निम्मी माणसं परत येतात ती आजारानं नाही, आपण त्यांना नीट घरी पाठवत नाही म्हणून. गोळ्या कळत नाहीत, पथ्य कळत नाही, कुणी विचारायला जात नाही. परत येणारे कमी झाले की समजायचं आपलं काम सुधारलं. दर सोमवारी मीटिंग, आणि त्यांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक तक्ता. त्या वहीत पहिल्या पानावर पहिलं नाव तुमचं आहे.

मी तुम्हाला फैलावर घेतलं होतं. लोणचं खाल्लं का? मीठ किती? वजन रोज बघा म्हणून सांगितलं होतं, बघितलं का? तुम्ही निवांत ऐकून घेतलं आणि म्हणालात, "सिस्टर, वजन बगाया काटा कुटून आणू? घरात ताजवा हाय, त्यात बसू का?" सगळा वॉर्ड हसला. सांगायला सोपं असतं हो आम्हाला. तीन दिवसांनी फोन करून चौकशी करायची असं ठरवलं होतं, पण तुमच्या घरचा फोन तुमच्या पोराकडं, आणि पोरगा-सून दोघं दिवाळीनंतर कोयत्यावर, पार कोल्हापूरकडं. मी फोन केला की तो उसाच्या फडातनं सांगायचा, "आई बरी आसंल की, मला काय दिसतंय हितून?"

मग तुम्हालाच सुचलं. तुम्ही वाडीतल्या बायकांच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरी होतात, सातवी शिकलेल्या, आणि डेअरीत कॅन मोजायचा काटा होता. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशी, पिशवी काखेत, दारात थांबून म्हणालात, "ओ सिस्टर, चाळीस लिटरचं कॅन तोलतोय त्यो. मला न्हाई तोलणार?" आणि दुसऱ्या दिवसापासून दूध घालून झालं की तुम्ही स्वतः त्या काट्यावर उभ्या. दुधाच्या कार्डाच्या मागं तारीख आणि वजन. मग तुमच्या भावकीतला तो दम्याचा म्हातारा. मग मूत्रपिंडाची ती तरणी बाई. आमच्याकडनं सोडलेलं तुमच्या आसपासच्या वाड्यांतलं माणूस, सकाळी डेअरीवर आलंच पाहिजे, असा तुमचा कायदा. गडीमाणसं चेष्टा करायची, "म्हशीचं दूध राहिलं बाजूला, गयाबाई आता मान्सं मोजाया लागली." तुम्ही म्हणायचा, "तू बी ये की बे, तुजं टकुरं भरतंय का बगू." कुणाचं वजन चढलं की तुम्ही चिठ्ठी लिहायचा आणि दुधाचा टेम्पोवाला ती कॅनांबरोबर आणून माझ्या हातात द्यायचा. तिला दुधाचा वास असायचा. "रामभाऊ दोन किलो वाढला. पाय सुज. खोटं बोलतो मीठ खातो." मी डॉक्टरांना दाखवायचे, गोळी वाढवायची का कमी करायची ते विचारायचे आणि संध्याकाळच्या फेरीला उत्तर पाठवायचे.

त्या वर्षी वहीची पानं कोरी राहायला लागली, मावशी. डॉक्टर तक्त्याजवळ उभे राहून पाहुण्यांना सांगायचे, आमचा उपक्रम. मी एकदा म्हटलं, उपक्रम गयाबाईंचा आहे. ते म्हणाले, "हो हो, तेच." तुम्हाला मी हे कधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तुम्ही फुशारक्या मारत फिरला असता, म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं. मारू द्यायच्या होत्या.

तिसऱ्या खेपेला तुम्ही माझा डबा स्वतःच उघडला. मी राऊंडला गेले होते, परत आले तर भाकरी मोडून खात बसलेल्या. "मीठ कमी हाय भाजीत," वर हे! मी म्हटलं, "आज उपास नाही का?" तुम्ही आणखी एक घास मोडलात. मग म्हणालात, "उपास सुटला." त्यावर ना तुम्ही पुढं काही बोललात, ना मी. बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, एवढं मात्र सांगते.

पण ती तिसरी खेप आलीच का, हे सांगायचं राहिलं. पाऊस गेला. विहिरी गेल्या, बोअर गेले, म्हशींचं दूध आटलं, डेअरी बंद पडली, टेम्पो यायचा थांबला. सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली आणि तुम्ही दोन म्हशी घेऊन तिथं जाऊन राहिलात. पोरगा-सून कोयत्यावर, मागं दुसरं कोण? जनावरापाशी मालक हजर नसला की चारा बंद, असा तिथला नियम. जाताना डेअरीचा काटा तुम्ही बैलगाडीत घातला. संस्थेच्या चेअरमनबाई म्हणाल्या, काटा संस्थेचा आहे, असा नेता येत नाही. तुम्ही म्हणालात, "संस्था कुटं हाय आता? दावणीला हाय. काटा बी दावणीलाच जाईल." छावणीत पेंड मोजायला तो लागला, आणि सकाळी माणसं मोजायला.

आणि तिथं तुमचं स्वतःचं वजन चढत गेलं. तुम्ही ते कार्डावर लिहिलंत, पण टेम्पो नव्हता, चिठ्ठी नव्हती. जीपनं आणलं तुम्हाला तेव्हा ओठ निळे. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेता ना? तुम्ही म्हणालात, घेते की. मी विचारलं, पाण्याची गोळी, सकाळची, लघवीची? घेते की. मला कळत होतं तुम्ही खोटं बोलताय. बावीस वर्षांत एवढं कळतं. पण का, ते कळेना. मी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण पथ्य पाळत नाही. समजावून सांगितले.' खाली माझी सही. अशी वाक्यं आम्ही दिवसाला दहा लिहितो. तुम्ही बऱ्या होऊन परत छावणीत गेलात.

फाल्गुनात एका मंगळवारी मी दवाखान्याच्या गाडीतनं छावणीवर तपासणीला आले. आठवतं ना? ऊन असं की पत्र्याला हात लावला तर भाजावा. दहापासून मी बीपी बघतेय, गोळ्या देतेय. साडेअकराला मला लघवीला लागली. बारा वाजता सहन होईना. तुमच्या शेजारच्या दावणीवरच्या बाईला हळूच विचारलं, "इथं बायका कुठं जातात हो?" ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

"आत्ता? आत्ता कुटं जाता, सिस्टर. आता दिस मावळल्यावर."

मी चारी बाजूंना बघितलं. उघडं माळरान. बाभळींचा पाला शेळ्यांनी खाल्लेला, फांद्या चुलीत गेलेल्या. कमरेएवढा आडोसा नाही. नजर जाईल तिथं जनावरं आणि त्यांच्यामागं गडीमाणसं. बायका पहाटे अंधारात जाऊन यायच्या, आणि मग एकदम दिवेलागणीला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होतात आणि मुद्दाम वर बघत नव्हतात. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. सकाळी आठची गोळी. ती घेतली की दुपारपर्यंत पाच-सहा वेळा उठावं लागतं, हे मीच तुम्हाला पाठ करून घेतलं होतं.

"कधीपासून बंद आहे गोळी?"

"हितं आले त्या दिसापासून."

"आणि मला घेते, घेते म्हणून सांगत होता? का नाही सांगितलं?"

तुम्ही पोतं नीट केलं. "कुणाला सांगू? डॉक्टर गडीमाणूस. तुमी हातात वही घिऊन हुब्या. आन काय सांगू?" मग हळू आवाजात, "आन दुसरं आसं हाय सिस्टर, टँकर येतोय चार दिसाला. एका हंड्यासाठी बाया एकमेकीच्या झिंज्या उपटतेत. आन मी हाय ते पाणी अंगातून काढून फेकू व्हय? मनाला पटंना."

मी तिथं दगडावर बसले. मी वर्षानुवर्षं माणसांना गोळीची वेळ सांगतेय आणि ती गोळी घेऊन बाई कुठं जाणार, हे एकदाही विचारलं नव्हतं. पुढं मी आमच्या गाडीत बसून रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर जाऊन आले. तुम्हाला तो पंप नव्हता.

दवाखान्यात येऊन मी तुमचा केसपेपर काढला. जुनं लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणून खाली नवी ओळ लिहिली, 'रुग्णास दिवसा लघवीला जाण्यास जागा नाही.' डॉक्टरांनी वाचून विचारलं, "सिस्टर, हे काय?" मी म्हटलं, "निदान." त्यांनी गोळीची वेळ बदलली. संध्याकाळी, दिवस मावळायच्या सुमाराला. एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी तुमचे ओठ निळे पडले होते.

मी तिथंच थांबायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं. मी थांबले नाही. छावणीच्या मीटिंगला गेले आणि सगळ्यांसमोर सोसायटीच्या चेअरमनना म्हटलं, बायकांसाठी आडोसा करा, एक बाई याच्यापायी मरता मरता वाचलीय. नाव घेतलं नाही. पण छावणीतनं जीपमध्ये घालून नेलेली बाई एकच होती. कुणाला कळायचं राहिलं? दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर उभ्या. "माजं लुगडं चेअरमनपुढं फेडलंत तुमी. मी तुमाला माय म्हनत होते." मी म्हटलं, तुमच्या एकटीसाठी नाही, साठ-सत्तर बाया आहेत तिथं. तुम्ही म्हणालात, "मग त्येंचं लुगडं फेडायचं." आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. मी औषधं पाठवायचे, ती तुम्ही घ्यायचा. शब्द नाही.

आडोसा मात्र झाला. चार पत्रे आणि वर हिरवी नेट. मग दुष्काळात तेरावा महिना, चेअरमननी त्याला कुलूप लावलं, तपासणीला साहेब आले की उघडायचं. हे मला माहीत होतं, आणि मी हात टेकले होते. पुढचं माहीत नव्हतं. ते शोभानं तिसऱ्या दिवशीच सांगितलं. तुम्ही चेअरमनच्या खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "किल्ली द्या, न्हाईतर आमी समद्या हितंच बसताव, तुमच्याम्होरं." बसताव म्हणजे काय, ते त्यांना बरोबर कळलं. छावणी सोडेपर्यंत किल्ली तुमच्या कमरेला होती. माझ्याशी अबोला धरून, माझंच भांडण तुम्ही पुढं नेलंत, आणि मला सांगितलं नाहीत. काय बाई म्हणावं तुम्हाला?

आता ते लिहायचं राहिलंय.

पाडव्याच्या सुमाराला पोरगा-सून कोयत्यावरनं आले, म्हशी त्यांनी सांभाळल्या, आणि छावणीतल्या धुरळ्यानं छाती भरून तुम्ही चौथ्यांदा आमच्याकडं आलात. अबोला तुम्हीच सोडलात. "सिस्टर, सुई हळू द्या, पैल्या वख्तासारखी नगं." म्हणजे त्या इंजेक्शनाचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं! मी हसले. चांगले नऊ दिवस गेले ते. तुम्ही शेजारच्या खाटांवरच्या बायांना वजन, मीठ, गोळी यावर भाषणं देत होतात आणि मी तुम्हाला गप्प बसवत होते.

तुम्हाला सोडलं त्या दिवशी मी थकले होते, मावशी. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगते. दुष्काळानं सगळंच उलटं झालं होतं. डेअऱ्या बंद, काटे बंद, माणसं भराभर परत येत होती, वहीची पानं भरत होती. त्या सोमवारी डॉक्टर सगळ्यांपुढं मला म्हणाले, सिस्टर, तुमचं लक्ष कुठं आहे? बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही खाटेवर बसून हे ऐकलेलं होतं, आमचं दार उघडंच असतं. तुमच्या हातात मी गोळ्यांची पिशवी दिली, वेळा सांगितल्या, आणि वर म्हटलं, "मावशी, पाया पडते, या महिन्यात तुमचं नाव नको मला वहीत." चेष्टेनं म्हटलं होतं. अर्धं चेष्टेनं. तुम्ही माझ्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडलीत आणि म्हणालात, "न्हाई येत माय. तुजी वही कोरी ऱ्हाईल." पहिल्यांदाच तुम्ही मला अगं-तुगं केलंत. मला इतकं बरं वाटलं की त्या वाक्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर शोभानं मला आत नेलं. फडताळातनं तुमचं दुधाचं कार्ड काढून दिलं. शेवटचं पान. वजन रोजचं लिहिलेलं, तुमच्या त्या मोठ्या मोठ्या आकड्यांत. पाच दिवसांत साडेतीन किलो. तुम्ही काट्याला फसवलं नाहीत, कार्डाला फसवलं नाहीत. पोरगा म्हशींपाशी जायचा त्याच्या मागं बसून छावणीवर जाऊन रोज काट्यावर उभ्या राहिलात, लिहिलंत, आणि घरी येऊन बसलात.

शोभा सांगत होती. "मी म्हनलं आत्या, जाऊ चला, गाडी काढाया लावते. तर म्हनल्या, आजचा दिस दम धर. दुसऱ्या दिशी बी तेच. पाय आसे फुगलेले. शेवटच्या दिशी सकाळी तर एकेक शब्द तोडत बोलाया लागल्या, तरी बोटं मोजत्यात. म्हनल्या, सव्वीस झाले, चार ऱ्हायलेत. महिना भरू दे. महिन्याच्या आत गेलं की सिस्टरला मीटिंगमदी बोलतेत. महिना भरला की जाऊ." मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "कशाचा महिना वं सिस्टर? मला कायबी कळलं न्हाई. आमी त्यांला उचलून न्यायला पायजे होतं का?" दुपारी बारा-साडेबाराला तुम्ही गेलात.

मी तिला सांगितलं नाही. सांगेन. उद्या नाही, पण सांगेन. तिला वाटता कामा नये की चूक तिची होती.

आणि काल सोमवार होता. मीटिंग झाली. डॉक्टरांनी वही बघितली, तक्त्यावर रेघ खाली आली होती, त्यांना बरं वाटलं. मी म्हटलं, गयाबाई वारल्या. ते खरंच हळहळले, कपाळाला हात लावला. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "पण त्या परत आल्या नव्हत्या ना? घरी गेल्या म्हटल्यावर आपल्यात धरत नाहीत." बरोबर होतं त्यांचं. रकानाच तसा आहे. माणूस घरी मेलं तर ते परत आलेलं नसतं. तुमचं नाव कुठंच लागत नव्हतं आणि महिना चांगला दिसत होता. मी वही पुढं ओढली आणि तुमचं नाव लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, अहो सिस्टर, चुकीचं लिहिताय. मी म्हटलं, माहितीय मला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'वहीमुळे आल्या नाहीत.' डॉक्टरांनी ते वाचलं, वही मिटली नाही. आज सकाळी तक्ता भिंतीवर नव्हता. कुणी काढला मी विचारलं नाही. उद्या दुसरा लागेल कदाचित. मला त्याचं आता काही वाटेनासं झालंय.

मला वाटतं ते एवढंच. माझ्यासाठी कुणी एवढं करू नये, मावशी, आणि इतकं चुकीचं तर मुळीच करू नये. डॉक्टर मला बोलले असते. दोन मिनिटं बोलले असते. बावीस वर्षांत मी कुणाकुणाचं ऐकलंय, त्यात आणखी एक. तुम्ही मला लेकीसारखं जपायला निघालात, आणि मी नर्स आहे एवढंच विसरलात. तुम्ही आला असतात तर मी चिडले असते, हे खोटं नाही. दारातच कमरेवर हात ठेवून म्हटलं असतं, आल्या का परत? बघितलं का पायांकडं? कशाला शिकवतेय मी तुम्हाला एवढं, डोक्यात भुसा भरलाय का? अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले असते. आणि बोलता बोलता तुम्हाला उशाला टेकवून बसवलं असतं, आणि नाकाला ऑक्सिजन लावला असता.